ब्लू टिक आणि डोंगरावरचा धूर

प्रेमात पडलेल्या माणसाला कविता नको, न्यायशास्त्र द्या (कोर्टातलं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र), असं माझं ठाम मत होत चाललंय. बी.ए.ला संस्कृत होतं तेव्हा अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह होता आम्हाला, सतराव्या शतकातलं इवलंसं पुस्तक, आणि ते आम्ही मार्कांपुरतं घोकायचो की डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथे आग आहे, का तर जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, उदाहरणार्थ स्वयंपाकघर. वाटायचं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं.

नाही कळत हो. मैत्रीण रात्री उशिरा स्क्रीनशॉट पाठवते, ब्लू टिक आलीय, ऑनलाइन पण दिसला, रिप्लाय नाही, म्हणजे त्याचा इंटरेस्ट संपला. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपने ह्या निळ्या खुणा आणल्या तेव्हापासून निम्मी जनता रात्री अनुमानंच करत बसलीय. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा पंडित, इथे पहिलं विचारेल, बाई गं, व्याप्ती, म्हणजे तो 'जिथे जिथे, तिथे तिथे'चा नियम, कुठाय? जिथे जिथे ब्लू टिक आणि शांतता, तिथे तिथे इंटरेस्ट संपलेला, हे कुठे सिद्ध झालं? तो तर सख्ख्या आईचे मेसेजही असेच वाचून सोडून देतो. जो पुरावा (शास्त्रात हेतू) दोन्हीकडे सापडतो त्याला सव्यभिचार हेतू म्हणतात (नावाला घाबरू नका) आणि त्याने काहीही सिद्ध होत नाही.

बरं, उलटं पण धरता येत नाही. आग आहे म्हणजे धूर असणारच असं नाही, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते आणि धुराचा पत्ता नसतो, धुराला ओलं लाकूड लागतं, हे उदाहरण जुन्या पंडितांचंच. काही माणसं त्या गोळ्यासारखी असतात. दिवसभर एक हार्ट इमोजी नाही, पण ताप आला की औषध घेऊन दारात हजर.

मग प्रेम नाहीच हे ओळखायचं कसं? ह्यावर मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, डोकं लावलंय. इथे घडा नाही हे कधी कळतं, तर असता तर दिसला असता अशी परिस्थिती असेल तेव्हाच. ज्याने जन्मात कधी गुड मॉर्निंग टाकलं नाही त्याचं आजचं न टाकणं काहीच सांगत नाही, पण जो वर्षभर रोज टाकत होता आणि एकाएकी बंद झाला, तिथे मात्र मी मैत्रिणीला उगाच धीर देत नाही.

भांडणाचं तर गौतमाने (बुद्ध नव्हे, न्यायशास्त्राचा मूळ सूत्रकार) न्यायसूत्रांत आधीच वर्गीकरण करून ठेवलंय. दोघांनाही खरं काय ते हवं असेल तर वाद, फक्त जिंकायचं असेल तर जल्प, आणि स्वतःचं म्हणणंच नाही, समोरच्याचं तेवढं फोडायचं, ती वितंडा. जल्पात छल चालतो, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दांचा मुद्दाम भलताच अर्थ काढायचा. 'मी बिझी होतो' म्हटलं की 'म्हणजे मी रिकामटेकडी का?' हा शुद्ध छल, आणि साधारण तिसऱ्या मिनिटाला विषय दीड वर्षापूर्वीच्या कुणाच्या तरी लग्नात पोचलेला असतो.

खरं तर सगळ्यात सोपं प्रमाण, म्हणजे खरं कळण्याचं साधन, शब्द. सरळ विचारायचं की काय चाललंय. अट एकच, सांगणारा आप्त हवा, म्हणजे खरं माहीत असलेला आणि खरं सांगणारा. आता त्याच्या मनातलं त्याला माहीत असणार (बहुतेक!), खरं सांगतो का एवढंच तपासायचं, आणि तेच सांगत नसेल तर एवढा तर्क कशाला खर्च करायचा त्याच्यावर.

पण शास्त्र येणारे प्रेमात हुशार असतात असंही नाही. वाचस्पती मिश्र, न्यायावर भलामोठा स्पष्टीकरणाचा ग्रंथ लिहिणारा माणूस, ब्रह्मसूत्रांच्या शांकरभाष्यावर (शंकराचार्यांच्या वेदान्तावरच्या ग्रंथावर) लिहिण्यात म्हणे इतका बुडाला की रोज दिवा लावून देणारी बाई आपली बायको आहे हेही विसरला. ग्रंथ संपल्यावर विचारलं, तू कोण? आणि मग ओशाळून ग्रंथाला तिचंच नाव दिलं, भामती. आख्यायिकाच आहे, पण लोक ती फार रोमँटिक म्हणून सांगतात. मी मैत्रिणीला सांगितली तर म्हणाली, नाव दिलं ते ठीके, पण इतक्या वर्षांत एकदा मान वर करून बघायला काय झालं होतं त्याला, प्रत्यक्ष प्रमाण तर फुकटच होतं ना.