स्पीतीला निघालेल्या गोंयकाराच्या गाडीत काय काय असावं

दिवाळी आटपली की आमच्या जीपवाल्या ग्रुपवर कोणीतरी विचारतोच, जानेवारीत स्पीतीला (हिमाचलमधलं उंच डोंगरातलं खोरं) जातोय, किटमध्ये काय काय घेऊ? आणि मग दहा जण विंचचे (बंपरवरची केबल गुंडाळून गाडी ओढणारी मोटर), रोपचे, चाकाखाली घालायच्या त्या भडक रंगाच्या ट्रॅक्शन बोर्डांचे फोटो टाकतात आणि विचारणारा पोरगा अर्धा पगार उडवून मोकळा होतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, लांबेल थोडं, चहा घेऊन बसा.

आपली गोव्याची किट वाईट नाही हो, पण ती पावसाळ्याची किट आहे. आपण ऑफरोडिंग शिकलो ते सत्तरी-सांग्याच्या लाल चिखलात आणि ओहोळात, रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोडिंगची स्पर्धा २०१४ साली पहिल्यांदा गोव्यात आली तीसुद्धा ऐन पावसात. इथं गाडी रुतली तर काय होतं, दोन तास घाम गाळायचा, वाड्यावरचे चार लोक मजा बघायला जमतात, त्यातलाच एक ट्रॅक्टर घेऊन येतो, आणि काहीच जमलं नाही तर गाडी तिथंच टाकून चालत रस्त्यावर यायचं. कपडे खराब, बाकी काय नाय. म्हणून आपल्या किटमधली प्रत्येक वस्तू गाडी बाहेर कशी काढायची एवढंच बघते. स्पीतीत जानेवारीत ऊन डोंगराआड गेलं की पारा उणे पंधरा-वीसकडे घसरायला लागतो, मागून दुसरी गाडी येईल याची खात्री नसते आणि गाडी सोडून चालत निघणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ. तिथं आधी सकाळपर्यंत गाडीत बसून राहायची सोय हवी, गाडी काढायचं नंतर बघू. माझं म्हणणं एवढंच आहे, खरेदी पण ह्याच क्रमाने करा.

विंचचं घ्या. इथं मट्टीचा नाहीतर काजूचा बुंधा बघायचा, पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं. तिथं वाटेतलं नाको गाव मागे पडलं की झाडंच नाहीत! शीत वाळवंट आहे ते. गावागावांत थोडी विलो-पॉप्लर दिसतात पण ती लोकांनी जळणाला आणि छपराला जपून वाढवलेली, त्यांना केबल लावलीत तर गाववाले काय म्हणतील ते तुम्हीच ऐका. म्हणजे विंच बांधणार कशाला, तर दुसऱ्या गाडीला. मग दुसरी गाडी हवीच, आणि ती असेल तर चांगला रोप बहुतेक वेळा पुरतो. पुढच्या बंपरवर तीस-चाळीस किलोचं लोखंड आणि पाऊण लाखाचा खर्च करण्यापेक्षा सोबत येणारा मित्र शोधा. एकट्या गाडीने हिवाळ्यात जाऊ नका, ह्यावर मी वाद घालत नाही.

आता माणसांचं सामान. गाडीत जितकी डोकी तितक्या उणे पंधरा-वीसच्या स्लीपिंग बॅगा, 'दोघांत एक चालेल' नको. आतून लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, जीन्स आणि कॉटनचे टीशर्ट गावातल्या हॉटेलसाठी ठेवा, कॉटन घाम धरून ठेवतं आणि तोच घाम नंतर गार पडून अंगाला चिकटतो. ग्लोव्हजच्या दोन जोड्या, कारण बर्फ उपसताना एक भिजणारच. हेडटॉर्च, त्यात अल्कलाईन नको, लिथियमचे सेल घाला, अल्कलाईन थंडीत मान टाकतात. पॉवर बँक जॅकेटच्या आत. आणि ऐकायला कसं तरी वाटेल पण रुंद तोंडाची एक रिकामी बाटली, झाकणावर खूण केलेली, रात्री उणे वीसमध्ये दार उघडून बाहेर जायची वेळ आली की माझी आठवण काढाल.

खाण्यात गॅस न लागणारं घ्या. काजू, चिक्की, खजूर, चणे, तुपातले लाडू. एक सांगतो, लाडू दगडासारखे होतात, आधीच बारीक करून न्या. कॅम्पिंगचा साधा ब्युटेन सिलिंडर शून्याच्या आसपास वायूच होत नाही, नुसता बसून राहतो, त्यामुळे स्टोव्ह न्यायचाच तर आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण बघून घ्या. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा, बर्फ वरून धरतो म्हणजे बुडाला धरेल आणि तोंड मोकळं राहील. एक मोठा थर्मास रोज सकाळी गरम पाण्याने भरून घ्यायचा, हॉटेलवाले देतात.

आणि हे जरा नीट वाचा. अडकलात, थंडी वाजतेय, इंजिन चालू ठेवून हीटर लावून बसलात, बाहेर बर्फ पडतोय, तो हळूहळू सायलेन्सरचं तोंड बुजवतो आणि कार्बन मोनॉक्साईड केबिनमध्ये शिरतो. वास नाही, रंग नाही, झोप येते आणि माणूस उठत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला पर्यटकांच्या गाड्या बर्फात अडकल्या होत्या, एका रात्रीत वीसहून जास्त माणसं गेली, त्यातली काही ह्याच वायूने. तेव्हा इंजिन सतत चालवायचं नाही, तासाला दहा-एक मिनिटं, प्रत्येक वेळी आधी उतरून सायलेन्सरमागचा बर्फ फावड्याने बाजूला करायचा, आणि वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली. बॅटरीवर चालणारा सीओ (कार्बन मोनॉक्साईड) अलार्म मिळतो, छोटा असतो, घ्याच. शेगडी, स्टोव्ह गाडीच्या आत पेटवायचा नाही म्हणजे नाही. म्हणूनच मी म्हणतो स्लीपिंग बॅगेवर पैसे घाला, चांगली बॅग असली की हीटरची आशा कमी करावी लागते.

गाडीचं बघू. आपल्याकडे किती जुन्या जीप रेडिएटरला नळाचं पाणी घालून वर्षानुवर्षं फिरतात, इथं चालतं कारण इथं थंडी म्हणजे जत्रेला जाताना स्वेटर. ते पाणी तिथं गोठलं की नऊ टक्के फुगतं आणि रेडिएटर नाहीतर ब्लॉक फोडतं. निघायच्या आधी सगळं काढून इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं भरून घ्या, ते उणे पस्तीसपर्यंत टिकतं. काचेच्या वॉशरमध्येही नुसतं पाणी नको. ऑइल १५डब्ल्यू४० असेल आणि तुमच्या इंजिनाला मॅन्युअलप्रमाणे थंडीत पातळ राहणारं ५डब्ल्यू३० चालत असेल तर बदलून घ्या, सकाळी पहिल्या स्टार्टला फरक कळतो.

बॅटरी. गार पडली की तिची ताकदच कमी होते आणि नेमकं तेव्हाच घट्ट ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. तीन-चार वर्षांची झाली असेल तर इथंच नवीन घाला, तिथं जाऊन बघू म्हणू नका. जंप केबल जाड तांब्याची, बाजारात वरून जाड प्लॅस्टिक आणि आत केसासारख्या तारा असलेली मिळते ती नको. लिथियमचा जंप स्टार्टर नेत असाल तर रात्री खोलीत घेऊन झोपा, आणि तो गारठलेला असताना चार्जिंगला लावू नका, शून्याखाली चार्ज केला की आतले सेल खराब होतात.

डिझेलवाल्यांना वेगळं सांगतो (माझी जिप्सी पेट्रोलवर, मी सुटलो). साध्या डिझेलमधलं मेण थंडीत वेगळं होतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल काढलं ते ह्याच त्रासामुळे. म्हणून खालचं डिझेल टाकी भरून वर नेऊ नका, जमेल तेवढं संपवत जा आणि रिकाँग पिओ, काझाला तिथलं भरा. काझाचा पंप ३,७४० मीटरवर आहे, जगातला सर्वात उंच अशी पाटी तिथंच लावलीय, फोटो काढाच. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. एक डिझेल फिल्टर जादा ठेवा. डिझेलात रॉकेल मिसळायचा जुना ड्रायव्हर लोकांचा उपाय नव्या बीएस सिक्स कॉमन रेल इंजिनावर करू नका, पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातील. ॲडब्लू (नव्या डिझेल गाड्यांत धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रावण) उणे अकराला गोठतं, टाकीला हीटर असतो त्यामुळे घाबरायचं नाही, पण जादा कॅन रूममध्ये ठेवा.

टायरच्या हवेची एक गंमत आहे. गोव्याच्या उकाड्यात ३२ पीएसआय भरलेला टायर उणे पंधराला नेला तर नुसत्या थंडीने सात पीएसआय उतरायला हवा, पण काझाच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबच साडेपाच पीएसआयच्या आसपास कमी असतो आणि गेज आतला-बाहेरचा फरक दाखवतं, त्यामुळे काट्यावर तीस दिसतं आणि लोकांना वाटतं गेज बिघडलं. बिघडलेलं नाही, उगाच हवा मारत बसू नका. कंप्रेसर मात्र न्या, भुसभुशीत बर्फात हवा पंधरा-अठरापर्यंत उतरवावी लागते आणि नंतर परत भरावी लागते.

आता खरं रिकव्हरीचं. एक नंबरला फावडं, रुंद पात्याचं, ॲल्युमिनियमचं असेल तर उत्तम. घडीचं खेळण्यातलं नको, बर्फ उपसायला अर्धा तास लागतो तिथं त्याचा दांडाच हातात येतो. मग स्नो चेन, म्हणजे टायरवर बांधायच्या साखळ्या, टायरच्या साईजच्याच. एकच जोडी असेल तर कुठल्या चाकांना ते मॅन्युअलमध्ये बघा. फक्त मागे लावल्या तर उतारावर पुढची चाकं वळायला नकार देतात, फक्त पुढे लावल्या तर मागची बाजू फिरते, म्हणून चार लावणं सगळ्यात बरं. लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन थांबायचं, परत आवळायच्या आणि तीस-चाळीसच्या वर जायचं नाही. सावलीच्या वळणांवर झऱ्याचं पाणी रस्त्यावर येऊन काचेसारखं गोठलेलं असतं, तिथं फोर बाय फोर असली तरी ब्रेक लागत नाहीत, चारी चाकं एकदमच घसरतात. दिसलं की आधी उतरून बघा, अर्धं पोतं वाळू गाडीत असू द्या, चाकापुढे टाकायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

रोप कायनेटिक घ्या, नायलॉनचा, ताणला जाणारा. टोइंगचा साधा पट्टा झटका मारायला वापरायचा नाही, तो ताणत नाही, हूक उपटतो. रोपची ताकद गाडीच्या भरल्या वजनाच्या दोन-तीन पट बघायची. शॅकल (रोप गाडीला जोडायची लोखंडी कडी) ४.७५ टनाचे, नाहीतर दोरीचा सॉफ्ट शॅकल, तो तुटलाच तर उडून डोकं फोडत नाही. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) रोप अडकवायचा नाही, आणि बंपरखाली जे छोटं कडं असतं ते बहुतेक वेळा गाडी जहाजात-ट्रकात बांधायला दिलेलं असतं, खेचायला नव्हे, वर्कशॉपमध्ये विचारून खात्री करा. रोपवर मध्ये ब्लँकेट टाका, बघ्यांना लांब ठेवा. भिजलेला रोप तसाच गुंडाळून ठेवला की रात्री आत बर्फाचे कण होतात आणि धागे कापतात, खोलीत नेऊन सुकवा. बोर्ड दोन पुरे. उंच दांड्याचा हायलिफ्ट जॅक घरी ठेवा, बर्फावर तो उभा राहत नाही, साधा बॉटल जॅक आणि खाली ठेवायला जाड लाकडी फळी घ्या.

हे सगळं कुठं ठेवायचं? लोक डिकीत तळाला फावडं ठेवतात, वर बॅगा, आणि रात्रीत मागचं दार गोठून बसतं. फावडं, ग्लोव्हज, टॉर्च, स्लीपिंग बॅगा सीटवरून हात पोचेल तिथं. दाराच्या रबरांना निघायच्या आधी सिलिकॉन स्प्रे मारा. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक धरून बसतात, गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा.

सॅटेलाईट फोन, सॅटेलाईट मेसेंजर ह्यांच्या नादी लागू नका, आपल्याकडे परवान्याशिवाय बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या दाबोळी विमानतळावरच एका परदेशी बाईला तसलं यंत्र बॅगेत होतं म्हणून पकडलं होतं. त्यापेक्षा प्रत्येक गावातून निघताना हॉटेलवाल्याला सांगा कुठं चाललो आणि कधी पोचणार, पोचल्यावर फोन करा, आणि वाटेत बीआरओची (सीमेवरचे रस्ते सांभाळणारी संस्था) गँग दिसली की थांबून पुढचा रस्ता विचारा, त्यांना खरं माहीत असतं. उंचीवर होणाऱ्या त्रासाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून, आधीच.

चेन कुठल्या मापाच्या मागवायच्या हे टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं, दुकानदाराला गाडीचं नाव नका सांगू, तो आकडा वाचून सांगा. आणि आल्या की अंगणात किमान दोनदा ग्लोव्हज घालून लावून-काढून बघा. शेजारी विचारतील भर उकाड्यात टायरला साखळ्या कशाला, माझ्या आईने तर विचारलंच, "थंय कित्याक मरपाक वता रे तूं?" तिला फक्त लाडवाचा डबा मोठा द्यायला सांगितलं.