आईचं बीपी, वाचनालयाचं मशीन: माझा अनुभव

दवाखान्यात आईचं बीपी लागोपाठ दोन वेळा वर लागलं, पण डॉक्टरांनी लगेच गोळी सुरू केली नाही. "आठवडाभर घरी मोजा, लिहून आणा, मग ठरवू," म्हणाले. डॉक्टरांसमोर बसलं की काही जणांचं बीपी तेवढ्यापुरतं चढतं आणि घरी आलं की उतरतं. तसं तर होत नाही ना, हे त्यांना बघायचं होतं. सल्ला पटला, पण घरी मशीन नव्हतं आणि मोजायचं कसं हेही धड माहीत नव्हतं. आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या सूचनाफलकावर मात्र मी वाचलं होतं की पुस्तकासारखं बीपीचं मशीनही घरी नेता येतं. म्हणून आईला घेऊन तिथे गेले.

सभासद कार्डावर नोंद झाली, मशीन कशाला हवं हे कोणी विचारलं नाही. पिशवीत मशीन, दोन मापांचे पट्टे, मोजपट्टी, सूचनांचं पत्रक आणि नोंदींचा कोरा तक्ता होता. मोजपट्टी कशाला, असं मला वाटलं. तेवढ्यात ग्रंथपाल मॅडमनी आईला खुर्चीत बसवलं, "काकू, बाही जरा वर घ्या" म्हणाल्या आणि खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्यावर दंडाचा घेर मोजला. नेहमीच्या पट्ट्यावर लिहिलेल्या मापापेक्षा तो जास्त भरला, म्हणून त्यांनी मोठा पट्टा जोडून दिला. पट्टा लहान पडला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, हे मला तिथे कळलं. आईने लगेच विचारलं, "किती आलं म्हणजे काळजी करायची?" त्यावर मॅडम म्हणाल्या, "काकू, ते डॉक्टर सांगतील. आकडा नीट कसा घ्यायचा आणि त्याबद्दल भरवशाचं कुठे वाचायचं, एवढं मी सांगते." स्वतःची हद्द इतकी स्पष्ट सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास जास्त बसतो.

मोजण्याची पद्धत साधी आहे, पण शिस्त लागते. आधी लघवीला जाऊन यायचं. मोजण्याआधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम काही नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसायचं. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला आणि उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी. मोजताना बोलायचं नाही, हे आईला सगळ्यात जड गेलं. पट्टा फुगायला लागला की तिला हमखास काहीतरी सांगायचं असायचं. तक्त्यात मात्र ती स्वतःच लिहायची, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी, वेळ. झोप झाली नसेल तर शेजारी तेही. पत्रकात लिहिलं होतं, आवडता आकडा निवडून लिहू नका, आलेला प्रत्येक लिहा. आणि सरासरी काढताना पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या.

दरम्यान मी वाचायला बसले. जिथे पुस्तकं दशांश वर्गीकरणाने, म्हणजे विषयवार क्रमांकांनी, लावतात तिथे हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार ६१६.१ मध्ये सापडतात, तर आहार, व्यायाम वगैरे आरोग्य राखण्याची पुस्तकं ६१३ मध्ये. एका पुस्तकात १४०/९० च्या पुढे उच्च रक्तदाब, दुसऱ्यात १३०/८० पासूनच! मी दोन्ही घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी कुठलं बरोबर ते सांगितलं नाही, शीर्षकपानाच्या मागची बाजू उघडून प्रकाशनाचं वर्ष दाखवलं. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये मर्यादा खाली आणली, युरोपातल्या मार्गदर्शिकेत दवाखान्यातल्या मोजणीसाठी १४०/९० कायम आहे. शिवाय घरच्या मोजणीची मर्यादा तिथे वेगळी धरतात, १३५/८५. म्हणजे एकही पुस्तक खोटं नव्हतं. "तुमच्या आईसाठी कुठला आकडा धरायचा, हा प्रश्न लिहून न्या," मॅडम म्हणाल्या. तो मी तक्त्याच्या मागे लिहिला.

वाचनालयाच्या संगणकावर त्यांनी मेडलाइनप्लस उघडून दिलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं हे संकेतस्थळ फुकट आहे आणि त्यावर जाहिराती नाहीत. एखाद्या उपचाराचा खरंच उपयोग होतो का, याचे सोप्या भाषेतले सारांश कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेकडे मिळतात, तेही तिथेच पाहिले. आईच्या फोनवर आलेला "गोळ्या सोडा, हा काढा घ्या" असा संदेशही मी दाखवला. मॅडमनी तीनच गोष्टी विचारल्या: कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, आणि लिहिणारा काही विकतोय का? संदेशाच्या तळाशी विक्रीचा नंबर होता. आईने तो संदेश स्वतः पुसला.

त्याच आठवड्यात वाचनालयात पाकिटावरची पोषणमाहिती वाचायला शिकवणारं एक सत्र होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. पाकिटावर बहुतेक वेळा सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. खुर्चीत बसून करायचे व्यायामही तिथे घेतात. गुडघे दुखतात म्हणून आई कुठल्याच व्यायामाला तयार नसायची, इथे मात्र बसली आणि शेवटपर्यंत टिकली.

डॉक्टरांनी तक्ता बराच वेळ पाहिला. संध्याकाळचे आकडे ठीक होते, सकाळचे सातत्याने वर. म्हणजे नुसती दवाखान्याची भीती नव्हती. आईने कागद उलटून आपला प्रश्न स्वतः वाचून दाखवला. डॉक्टरांनी तिचं वय आणि साखर धरून घरच्या मोजणीत कुठवर आणायचं ते सांगितलं, कमी मात्रेची गोळी सुरू केली आणि मोजणं चालू ठेवायला सांगितलं. गोळीला घाबरणारी आई त्या दिवशी कुरकुरली नाही. सकाळचे आकडे तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते.

मशीन परत केलं तेव्हा मॅडमनी आमच्यासमोर त्यातल्या जुन्या नोंदी पुसल्या आणि पट्टा पुसून पिशवीत ठेवला. आम्ही आता घरचं मशीन घेतलंय, मनगटाचं नाही, दंडाचं, आणि मोठ्या पट्ट्याचं. खुर्चीच्या व्यायामाला आई अजूनही जाते.