वाचलेल्यांनी लिहिलेलं

"हात नका लावू, नुसतं बघा," म्हणत चर्चमधल्या आजींनी टॉर्च भिंतीवर तिरपा धरला. चुनखडीच्या मऊ दगडातली वेडीवाकडी लॅटिन अक्षरं एकदम उठून दिसली.

इंग्लंडच्या हार्टफर्डशरमधल्या ॲशवेल गावचं सेंट मेरीज चर्च, चौदाव्या शतकातलं. मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कुणीतरी प्लेगबद्दल कोरून ठेवलंय. १३५० साल: दयनीय, भीषण, हिंसक. साक्षीला उरलेत ते फक्त अगदी हीन लोक. त्याखाली १३६१ च्या प्रचंड वादळाची नोंद. सही नाही.

पुढे सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं, उपासना लॅटिनऐवजी इंग्रजीत होऊ लागली. ही अक्षरं तिथंच राहिली.

मला ते 'हीन लोक' सोडवत नाहीये. लिहिणारा स्वतः वाचलेला होता ना? मग देवाचे आभार मानायचे सोडून, चांगले सगळे गेले आणि आम्हीच उरलो, असं त्याला का वाटलं असेल? कोविडनंतर आमच्या घरातही हे बोललं गेलंय, हळू आवाजात. लिहिलं मात्र कुणीच नाही.

तुमच्यापैकी कुणी २०२१ च्या त्या एप्रिलबद्दल कुठे काही लिहून ठेवलंय का?