रजा संपायच्या आधीचा महिना

जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिले 6 महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2000 सालचा मातृत्व संरक्षण करार, क्रमांक 183, म्हणतो की बाळंतपणाची रजा किमान 14 आठवडे असावी. दोन्ही संस्था संयुक्त राष्ट्रांच्याच घरातल्या. पण 6 महिने म्हणजे 26 आठवडे, त्यातून 14 गेले की उरलेल्या 12 आठवड्यांचं काय करायचं, ते बाळानं आणि आईनं आपसात बघून घ्यायचं! माझी रजा या दोन आकड्यांच्या मध्येच संपणार होती. लेकीला चार महिने पूर्ण झाले की थोड्याच दिवसांत ऑफिस.

शेवटच्या महिन्यात जो भेटेल त्याचा एकच सल्ला, ‘आतापासून दूध काढून ठेव, फ्रीझर भरून ठेव.’ दुधाच्या पिशव्यांनी गच्च भरलेल्या फ्रीझरचे फोटो मीही पाहिले होते. ते बघून घाबरायला होतं, दुसरं काही होत नाही. मग एका रात्री, लेक मांडीवर झोपलेली असताना, मोबाइलवर साधा हिशोब केला. एक ते सहा महिन्यांच्या काळात अंगावर पिणारं बाळ दिवसाला सरासरी 750 मिलीच्या आसपास दूध पितं. कुणी कमी, कुणी जास्त, पण वजन वाढलं म्हणून हा आकडा फारसा वाढत नाही. 750 ला 24 नं भागलं, आणि मी घराबाहेर असणार त्या दहा तासांनी गुणलं. उत्तर आलं 300 मिलीच्या जरा वर.

म्हणजे मला पहिल्या दिवसापुरतं 300 मिली हवं होतं. पहिल्या दिवशी ऑफिसात जे काढेन ते दुसऱ्या दिवशीचं, दुसऱ्या दिवसाचं तिसऱ्या दिवशी. सांडलं, नासलं, ट्रॅफिकमध्ये अडकले, म्हणून वर आणखी एका दिवसाचं. एवढ्यासाठी अख्खा फ्रीझर कशाला?

दूध काढायचा पंप मी रोज एकदाच लावायचे, सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) रात्री जास्त असतं, त्यामुळे पहाटे-सकाळी छाती भरलेली असते आणि लेकीचं पोट भरूनही थोडं उरतं. ‘थोडं’ म्हणजे बाटलीच्या तळाशी 40-50 मिली. दिवसभर अंगावर पाजणाऱ्या बाईला एका वेळी एवढंच जास्तीचं निघणं अगदी नेहमीचं आहे, हे आधी कळलं होतं म्हणून बरं. नाहीतर मी त्या तळाकडे बघून माझं दूध कमी पडतंय असा निष्कर्ष काढून मोकळी झाले असते. जास्त वेळा पंप लावला तर जास्त दूध येतं हे खरं, पण मग शरीर तेवढं बनवत राहतं. छाती दाटते, गाठी येतात, आणि एखाद्या गाठीला सूज येऊन ताप भरला की सगळंच ठप्प. आहे तो घोळ पुरेसा होता.

पंपाबद्दल एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. छातीला लावायचं जे फनेल असतं, ते मापाचं असावं लागतं. खोक्यात येतं ते एका ठरावीक मापाचं, बायका काही एका मापाच्या नसतात. मला दुखायचं आणि मला वाटायचं पंप म्हटलं की दुखणारच. स्तनपान सल्लागार बाईंनी मोजपट्टी काढली, स्तनाग्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजला, लहान फनेल लावायला सांगितलं. त्याच दिवसापासून दुखणं गेलं, दूधही जास्त निघायला लागलं. त्यांनी आणखी एक सांगितलं, की पंपातल्या मऊ रबरासारख्या झडपा झिजतात, ओढ कमी झाली की आधी त्या बदलून बघायच्या.

साठवायचे नियम मी कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला चिकटवले. ताजं दूध बाहेर 4 तास, फ्रीजमध्ये 4 दिवस, फ्रीझरमध्ये 6 महिने. गोठवलेलं फ्रीजमध्ये पूर्ण वितळलं की तिथून 24 तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळानं तोंड लावून उरवलेलं दूध 2 तासांच्या आत द्यायचं, नाहीतर ओतून द्यायचं. मायक्रोवेव्ह बंद, कारण त्यात दूध एका जागी कोमट आणि दुसऱ्या जागी चटका बसेल इतकं गरम होतं. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवली की काम होतं. फ्रीजमधल्या दुधावर साय वेगळी झालेली दिसते, ते नासलेलं नसतं, हलवलं की एकजीव होतं.

सल्लागार बाईंच्याच सांगण्यावरून मी एक पिशवी मुद्दाम आधीच वितळवून बघितली, आणि वास आला साबणाचा. दुधात लायपेज नावाचं विकर असतं, ते दुधातली चरबी फोडतं. काही जणींच्या दुधात हे जास्त जाणवतं. दूध खराब नसतं, बाळाला अपायही नसतो, पण चव बदलते, आणि आमच्या बाईसाहेबांनी पहिल्याच घोटाला तोंड फिरवलं. गोठवण्याआधी दूध कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार केलं तर हे थांबतं, पण रोज सकाळी तेही करायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा आला. मी ठरवलं, होता होईल तो फ्रीजमधलंच ताजं वापरायचं. फ्रीझरवर भिस्त ठेवायची नाही हे मग आपोआपच पक्कं झालं.

खरा प्रश्न दुधाचा नव्हताच. तो लेकीनं दुसऱ्याच्या हातून पिण्याचा होता.

बाटलीची ओळख आम्ही ती महिन्याभराची असतानाच करून दिली होती, तेव्हा तिनं घेतलीही होती. मधे आठवडे गेले, आणि आता चौथ्या महिन्यात बाटली दिसली की जीभ बाहेर. नवऱ्यानं हर प्रकार करून पाहिला. संथ धारेचं निपल, वेगळ्या आकाराचं निपल, निपल कोमट करून, माझा टॉप खांद्यावर टाकून, फेऱ्या मारत. मी घरात असले तर तिला वासानंच कळायचं, म्हणून मला जिन्यात उभं राहायला पाठवलं जायचं. जिन्यात उभं राहून आतलं रडणं ऐकायचं आणि तिकडे छातीला पान्हा फुटून टॉप भिजायचा, असले ते दिवस.

शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, ‘बाटलीच हवी असं का?’ बाळाला छोट्या वाटीतून, पेल्यातून पाजता येतं. जागतिक आरोग्य संघटना तर कमी वजनाच्या नवजात बाळांनाही पेल्यानं पाजायला सांगते, कारण पेला धुवायला सोपा आणि त्यात जंतू दडून बसायला जागा नाही. पद्धत एवढीच की बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, पेल्याची कड खालच्या ओठाला टेकवायची, दूध ओठापर्यंत आणायचं आणि थांबायचं. तोंडात ओतायचं नाही. बाळ जिभेनं चाटत, भुरकत घेतं. पहिल्यांदा निम्मं दूध लाळेऱ्यावर गेलं, पण ती रडली नाही. कुतूहलानं पेल्याकडे बघत राहिली. मी जिन्यातून आत आले तेव्हा नवऱ्याचा चेहरा असा, की जणू त्यानंच पान्हा शोधून काढला.

नवऱ्याला रजा थोडीच होती, त्यामुळे पुढचं सगळं सांभाळायला येणाऱ्या मावशींवर होतं. त्यांना मी माझी रजा संपायच्या दोन आठवडे आधीपासूनच बोलावलं. दोघींपैकी एकच काम करत असताना दिलेला पगार फुकट गेल्यासारखा वाटतो, पण घरात दोघी असण्याचे हे दिवस मी कशाच्याही बदल्यात सोडले नसते. पहिले दिवस त्यांनी फक्त बघायचं, मग त्यांनी करायचं आणि मी बघायचं, मग मी दुसऱ्या खोलीत बसायचं.

मावशींनी स्वतःची तीन मुलं वाढवलेली. त्यांना शिकवणारी मी कोण, हे त्यांच्या चेहऱ्यावर अधूनमधून दिसायचं.

‘ताई, एवढंसं लेकरू, घोटभर पाणी तरी द्या. घसा सुकतो त्यांचा.’

‘मावशी, दुधात बहुतेक पाणीच असतं. सहा महिने वेगळं नाही द्यायचं.’

‘माझी पोरं तर प्यायली पाणी. धडधाकट आहेत.’

‘आहेतच की. पण हिच्या पोटात जागा केवढीशी? ती पाण्यानं भरली तर दूध कमी जाईल.’

जागेचा मुद्दा त्यांना पटला. मधाचं बोट चाटवण्याबद्दल मात्र मी पटवत बसले नाही, सरळ नाही म्हटलं. एका वर्षाच्या आत मधातून बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो, तिथे चर्चेला जागा नाही. झोपवायचं पाठीवर, सपाट आणि जरा कडक गादीवर, उशी नाही, सैल पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत, हेही तसंच. मावशी म्हणाल्या, पालथी टाकली की शांत झोपते. झोपत असेल, तरी नाही.

उलट मी त्यांच्याकडून शिकले ते भुकेच्या खुणा. मी घड्याळ बघत होते, त्या हात बघत होत्या. मुठी तोंडाकडे जायला लागल्या, मान इकडेतिकडे शोधायला लागली की त्या पेला घ्यायला उठायच्या. रडणं ही भुकेची शेवटची खूण, तोवर थांबलं तर बाळ चिडून नीट पीतच नाही. हे मी वाचलेलं होतं, मावशींना ते वाचावं लागलं नव्हतं.

ऑफिसशी बोलणं मी पुढे ढकललं नाही, रुजू होण्याच्या बरंच आधी लेखी कळवलं. मोघम ‘सहकार्य करावं’ असं न लिहिता नेमकं लिहिलं. आतून कडी लागणारी खोली, खुर्ची, प्लगपॉइंट, जवळ वॉशबेसिन, आणि दिवसातून तीन वेळा साधारण वीस मिनिटं. स्वच्छतागृह चालणार नाही, हेही. कुणी आपलं जेवण तिथे बसून बनवत नाही. त्या 183 क्रमांकाच्या करारातच बाळाला पाजण्यासाठी रोज एक किंवा अधिक विश्रांती, किंवा कामाचे तास कमी करणं, हा बाईचा हक्क म्हटला आहे आणि तो वेळ कामाचाच धरून त्याचा पगार द्यावा असंही म्हटलं आहे. माझ्या वरिष्ठांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी मीटिंग रूम सुचवली, जिला काचेची भिंत होती. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. मग सामानाची एक खोली मोकळी करून मिळाली. कॅलेंडरवर तिन्ही वेळा आधीच अडवून टाकल्या, कारण रोज नव्यानं परवानगी मागायची म्हटलं तर चौथ्या दिवशी आपण स्वतःच मागायचं सोडतो.

रुजू झाले ते आठवड्याच्या मधल्या दिवशी. सोमवारी सुरू करून सलग पाच दिवस काढण्यापेक्षा दोन-तीन दिवसांवर सुट्टी आलेली बरी. पंपाच्या भागांचे दोन संच घेतले होते, म्हणजे दर वेळी धुऊन वाळायची वाट बघावी लागली नाही. धुवायचे ते बेसिनमध्ये ठेवून नाही, वेगळ्या भांड्यात. सोबत बर्फाच्या पाकिटांची थंड पिशवी, छातीला लावायचे पॅड, एक जादा टॉप, आणि गडद छापाचे कपडे, ज्यांवर ओले डाग दिसत नाहीत. पहिल्या दिवशी खोलीत बसले तर दूध येईचना. ताणात पान्हा अडतो. लेकीचा झोपेतून उठतानाचा एक व्हिडिओ लावला आणि धार सुरू झाली. एवढ्या साध्या युक्तीवर शरीर फसतं, याचं मला अजून नवल वाटतं.

दिवसा तिनं मावशींकडे ठीकठाक प्यायलं, हिशोबापेक्षा कमीच. राहिलेलं सगळं रात्री वसूल केलं. आई दिवसा नसली की काही बाळं पिण्याचं वेळापत्रक उलटवतात. त्यात चौथ्या महिन्याच्या आसपास झोप बदलते, आणि नेमके त्याच सुमाराला बाळंतपणानंतरचे केस गळायला लागतात. हे सगळं एकाच पंधरवड्यात यावं असं कुणी ठरवलं असेल त्याला माझा नमस्कार. रात्रीच्या पाजण्यापुरती मी, बाकी लंगोट बदलणं, ढेकर काढणं, पुन्हा झोपवणं नवऱ्याकडे, अशी वाटणी केली, म्हणून निभावलं.

आता लेक सहा महिन्यांची होऊन गेली, वरचं खायला लागली आहे. दुपारचा पंप मी सोडला, पण एकदम नाही, दर दोन-तीन दिवसांनी काही मिनिटं कमी करत, नाहीतर छाती दाटते. सकाळचा आणि संध्याकाळचा चालू आहे. फ्रीझरमधल्या त्या साबणाच्या वासाच्या पिशव्या मावशींनी तिच्या खाण्यात कालवून संपवल्या, आणि वासाची एवढी चोखंदळ पोरगी काही न बोलता खाऊन मोकळी झाली.