दर दोन मिनिटांनी पडणारा पाऊस

आमचं दुष्काळ-पत्रक गुरुवारी दुपारी निघतं. खोऱ्याच्या कुठल्या भागात विहिरींच्या उपशावर निर्बंध ठेवायचे आणि कुठल्या बंधाऱ्यातलं पाणी राखून ठेवायचं, हे पाणीवाटप बघणारी मंडळी त्यावरून ठरवतात. त्या गुरुवारी सकाळपासून सगळे खुशीत होते. लांबलेल्या खंडानंतर वरच्या टप्प्यातल्या स्वयंचलित केंद्रावर रात्रीतून ५९.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, आणि जमिनीतल्या ओलाव्याचा नकाशा त्या उपखोऱ्यापुरता लाल सोडून थेट पोपटी झाला होता.

"इथला निर्बंध उठवायची शिफारस टाकून द्या," सर म्हणाले. "लोक कधीची वाट बघतायत."

यात वावगं काहीच नव्हतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी, म्हणजे साठ मिलिमीटरचे हेक्टरी सहा लाख लिटर झाले. पावसाच्या नोंदींवरून जमिनीतला ओलावा काढणाऱ्या आमच्या मॉडेलच्या मते ते जवळजवळ सगळं मुरलं होतं.

मोठा आकडा दिसला की लॉगरची, म्हणजे केंद्रावरच्या नोंदी साठवणाऱ्या यंत्राची, कच्ची नोंद उघडायची मला खोड आहे. या पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली तराजूसारखी दोन छोटी पात्रं असतात. एक भरलं की कलंडतं, दुसरं वर येतं, आणि प्रत्येक कलंडण्याची वेळ लॉगर टिपून ठेवतो. अशा एका कलंडण्याला आम्ही टिप म्हणतो; आमच्या यंत्रात एक टिप म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. मी रात्रीच्या टिप्स खाली खाली बघत गेले. संध्याकाळी सातच्या सुमाराला पहिली टिप, आणि मग पहाटे पाचपर्यंत साधारण दर दोन मिनिटांनी एक. मध्ये एकही सर नाही, उघडीप नाही, जोर नाही. सुरुवातीला हे अंतर पावणेदोन मिनिटांचं होतं, पहाटेपर्यंत हळूहळू वाढत सव्वादोनच्या पुढे गेलं होतं.

पाऊस असा पडत नाही. अर्धवट तुंबलेली मोरी मात्र अशीच रिकामी होते. पाण्याची उंची जास्त असते तेव्हा जरा जोरात, आणि पातळी उतरेल तशी मंद.

उपग्रहाची नोंद काढली. २०१४ साली सोडलेल्या जीपीएम उपग्रहाच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या मोजणीवरून दर अर्ध्या तासाचा पावसाचा अंदाज मिळतो, साधारण दहा किलोमीटरच्या चौकटीचा. एकाच ठिकाणच्या मिलिमीटरसाठी मी त्याच्यावर विसंबणार नाही, पण पाऊस कधी होता आणि कधी नव्हता हे तो बऱ्यापैकी सांगतो. सातच्या सुमाराला दोन अर्धे तास गडद, पुढे रात्रभर कोरडं.

मग केंद्रावरच्या मामांना फोन लावला. स्वयंचलित यंत्राशेजारी साधा पर्जन्यमापक आहे, त्याचं पाणी मामा रोज सकाळी मोजपात्रात ओतून वाचतात.

"मामा, काल किती भरला?"

"त्रेसष्ट. पण ताई, पडला तो दिवेलागणीला. तासाभरातच आटोपला. उभं राहवत नव्हतं हो बाहेर. शेजारचा ओढा लाल होऊन धावत होता."

"रात्री रिमझिम होती का?"

"छे! चांदणं होतं."

मामांना म्हटलं, मोठ्या यंत्राच्या नरसाळ्यातली जाळी काढून फोटो पाठवा. दहा मिनिटांत फोटो आला. खंडाच्या दिवसांत साचलेली धूळ, पक्ष्यांची पिसं, कुजलेल्या पानांच्या शिरा आणि या सगळ्याला बांधून ठेवणारं कोळ्याचं जाळं, असा करडा गोळा मामांच्या तळहातावर होता. नरसाळ्याच्या आतल्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं याची मातकट रेघही स्पष्ट दिसत होती. पाऊस तासाभरात नरसाळ्यात साठला आणि रात्रभर खाली ठिबकला.

म्हणजे बेरीज जवळपास बरोबर होती. तीन-साडेतीन मिलिमीटर कुठे उडालं, सांडलं, इतकंच. चुकली होती ती वेळ. यंत्र पूर्ण बंद पडून शून्य दाखवतं तेव्हा शेजारच्या केंद्रांशी ताडून लगेच कळतं. इथे आकडा खरा होता, म्हणून आमच्या एकाही तपासणीने त्याला हटकलं नव्हतं.

आणि सगळी मेख वेळेतच होती. त्या भागातली दुमट जमीन तासाला साधारण १० ते २० मिलिमीटर पाणी पिऊ शकते. मॉडेलला दिसत होते तासाला सहा मिलिमीटर, म्हणून त्याने सगळं जमिनीत घातलं. खरे पडले होते तासाभरात साठ. कोरड्या जमिनीचा पहिला घोट मोठा असतो हे धरलं तरी बरंचसं पाणी वरच्या वर वाहून गेलेलं. सगळ्या टिप्स त्या एका तासात बसवून मॉडेल पुन्हा चालवलं, तेव्हा नकाशावर पोपटीचा नारिंगी झाला.

सरांनी शंका काढली ती रास्त होती. "पण एसपीआय पण सुधारलाय ना?" सुधारला होताच. १९९३ साली मॅकी, डोस्केन आणि क्लाइस्ट यांनी मांडलेला हा प्रमाणित पर्जन्य निर्देशांक ठरावीक महिन्यांच्या पावसाची फक्त बेरीज बघतो, आणि ती तिथल्या नेहमीच्या पावसाहून किती कमी-जास्त आहे ते सांगतो. पाऊस एका तासात पडला की दहा तासांत, त्याला सोयरसुतक नाही. जगभरच्या हवामान खात्यांनी तो वापरावा असं २००९ मध्ये ठरलं ते त्याच्या साधेपणामुळे, आणि मलाही तो आवडतो. पण एका महिन्याचा एसपीआय बघून विहिरींबद्दल बोलायचं नसतं. बारा महिन्यांचा अजून उणे दीडच्या खाली होता, म्हणजे तीव्र दुष्काळाच्या पट्ट्यात. तो कागद मी सरांपुढे ठेवला. त्यांनी मामांचा फोटो मोठा करून बघितला, आणि मग म्हणाले, "राहू दे निर्बंध. पण कारण नीट लिहा, नाहीतर उद्या फोन मलाच येतील."

फोन आलेच. एवढा पाऊस होऊन बंदी कसली, असा सगळ्यांचा सूर. ओढ्यावरचे दोन बंधारे भरले होते, तेवढं पाणी राखण्याची शिफारस पत्रकात घातली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढच्या आठवड्यात निरीक्षण विहिरींची मोजणी आली. बंधाऱ्यालगतच्या विहिरीत पातळी चढलेली दिसली, बाकीच्या जिथल्या तिथे.

आता आमच्या प्रणालीत एक नवी चाळणी बसवली आहे. लागोपाठच्या टिप्समधलं अंतर फार एकसारखं असलं की त्या केंद्रासमोर खूण उमटते. खरी संततधार लागली की ती उगाच ओरडते, आणि सहकारी वैतागून ती बंद करा म्हणतात. तूर्त मी ती चालू ठेवली आहे. मधल्या काळात तिने आणखी एक तुंबलेलं नरसाळं पकडून दिलं.