केंटचं पार्किंग

भाचा केंट स्टेटला एमएस करतोय. मी त्याच्याकडे आठ दिवस गेलो होतो तेव्हा जेवताना सहज म्हणाला, मामा आमच्या इथे एका पार्किंगमध्ये चार जागा कायम अडवलेल्या असतात, मला पहिल्या सेमला वाटायचं डीनसाठी राखीव आहेत. अडवल्यात कशासाठी विचारलं तर म्हणाला तिथे चार पोरं मेली. म्हणलं उद्या नायगारा-बियगारा राहू दे, आधी हे दाखव.

एप्रिल चालू होता पण थंडी अशी की दोन स्वेटरवर जॅकेट. केंट तसं छोटंसं गाव आहे ओहायोमधलं, अ‍ॅक्रनला लागूनच. कॅम्पसवर टेलर हॉल नावाची बिल्डिंग आहे, तिथे खालीच, ती चार पोरं मेली त्या ४ मे १९७० चं छोटं म्युझियम आहे, ते आधी बघून घेतलं.

थोडक्यात सांगतो. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन साहेब व्हिएतनामच्या युद्धातून बाहेर पडायचं म्हणत निवडून आले आणि ३० एप्रिल १९७० ला टीव्हीवर येऊन सांगितलं की आता कंबोडियात पण फौज घालतोय. पोरं भडकली. भडकणारच, कारण लढायला जाणार कोण तर हीच. डिसेंबर ६९ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीची सोडत काढली होती, आपल्याकडे म्हाडाची निघते तशी, फक्त चिठ्ठीवर नावाऐवजी जन्मतारीख. काचेच्या बरणीतून पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. घर नाही लागलं तर माणूस हळहळतो, इथे लागली तर गेलाच की!

केंटमध्ये १ मेच्या रात्री बाजारात काचा फुटल्या, २ तारखेला कॅम्पसवरची आरओटीसीची लाकडी बिल्डिंग जळाली (आरओटीसी म्हणजे आपल्या एनसीसीसारखं, पण पुढे थेट लष्करात ऑफिसर) आणि गव्हर्नरने नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याची राखीव फौज, आणले. हे गार्ड म्हणजे काही मुरलेले सैनिक नव्हेत, एरवी नोकरीधंदा करणारे लोक, बरेचसे त्या पोरांच्याच वयाचे. सोमवारी ४ मेला सभेला बंदी असूनही दुपारी मैदानावर पोरं जमली, अश्रुधूर सोडला तर तो वाऱ्याने उडून गेला, मग गार्ड त्यांना टेकडीपलीकडे रेटत गेले, परत वर आले, आणि वर पोचल्यावर मागे वळून २८ जणांनी गोळ्या झाडल्या. १३ सेकंद, ६७ गोळ्या. चार मेले, नऊ जखमी, त्यातला एक जन्मभर व्हीलचेअरवर.

टेकडीवर काँक्रीटची छत्रीसारखी एक बारकी रचना आहे, पॅगोडा म्हणतात तिला, गार्ड तिथे उभे होते. जवळच एक पोलादी शिल्प आहे आणि त्याच्या पत्र्यात गोळीचं आरपार भोक. ते बुजवलेलं नाही. मी बोट घालून बघितलं, करंगळीचं टोक जेमतेम आत जातं. कडा गार आणि गुळगुळीत, माझ्यासारखे किती जण हात लावून गेले असतील.

मग मी भाच्याला म्हणलं, इथून त्या पार्किंगपर्यंत पावलं मोज. चार चौकटी आहेत, प्रत्येकीला सहा बुटके दिव्याचे खांब आणि कोपऱ्यात त्रिकोणी दगडावर नाव. जेफ्री मिलर, अ‍ॅलिसन क्राउस, विल्यम श्रोडर, सँड्रा शॉयर. सँड्राच्या दगडापाशी पोचेपर्यंत त्याची दीडशेच्या वर पावलं झाली. म्युझियमच्या हिशोबाने ३९० फूट. ही मुलगी मोर्चात नव्हतीच, क्लासला चालली होती. आणि श्रोडर तर स्वतः आरओटीसीचाच विद्यार्थी. एवढ्या लांबून ही पोरं कोणाला काय करणार होती हो? गार्ड म्हणत राहिले जिवाला धोका होता. सरकारनेच नेमलेल्या कमिशनने गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य ठरवला, तरी शिक्षा कोणालाच नाही, १९७९ मध्ये ६ लाख ७५ हजार डॉलर भरपाई आणि खेद व्यक्त करणारं एक पत्रक, संपलं.

पण मला चटका लावला तो दुसऱ्याच आकड्याने. तेव्हाच्या गॅलप पोलमध्ये, म्हणजे जनमत चाचणीत, ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला आणि गार्डना फक्त ११ टक्क्यांनी. म्हणजे एकीकडे शेकडो कॉलेजं बंद पडली, लाखो पोरं संपावर, आणि घरोघरी आईबाप जेवताना म्हणत असणार, कॉलेजला शिकायला पाठवलं होतं ना, मग कशाला गेले तिकडे. आपल्याकडे पण हेच म्हणतात, मी पण म्हणलोय, खोटं कशाला बोलू.

शेजारच्या उतारावर डॅफोडिल्सचे कंद लावलेत, ५८,१७५, व्हिएतनाममध्ये गेलेल्या अमेरिकन सैनिकांएवढे. कल्पना चांगली आहे, पण व्हिएतनामी माणसं लाखांनी मेली, त्यांच्यासाठी हिशोबाने फुलं लावायची तर टेकडी पुरणार नाही. अर्धीअधिक फुलली होती, पिवळीधमक.

भाच्याने फोटो काढून आईला पाठवला. तिकडे रात्र झाली असणार, तरी ताईचा लगेच मेसेज, किती सुंदर रे, बाग आहे का तुमच्या कॉलेजात? त्याने माझ्याकडे बघितलं आणि टाइप केलं, हो.