पागेतले ७०७ घोडे

डॉज चॅलेंजर या अमेरिकी गाडीच्या हेलकॅट नावाच्या अवताराबरोबर दोन किल्ल्या मिळायच्या. एक काळी, एक लाल. दोन्हींनी दार उघडतं, दोन्हींनी इंजिन सुरू होतं. फरक एवढाच, की काळी किल्ली खिशात असेल तर ५०० घोडे (म्हणजे हॉर्सपॉवर) जुंपले जातात. लाल असेल तर सगळे, म्हणजे ७०७. उरलेले २०७ एरवी पागेत दाणा खात उभे. मराठी घरात लाडवांचा डबा जिथं ठेवतात तिथंच ही लाल किल्ली ठेवावी : हात पोचेल, पण आधी स्टूल ओढावं लागेल अशा फळीवर.

हॉटेलच्या दारात गाडी पार्किंगवाल्याच्या हवाली करायची वेळ आली, तर त्याहून कडक बंदोबस्त आहे. व्हॅले मोड. चार आकडी पिन टाकला की इंजिन ४,००० आरपीएमच्या वर जात नाही, पहिला गिअर मिळत नाही, स्टिअरिंगमागची गिअर बदलायची पॅडल्स निकामी होतात आणि गाडी घसरू न देणारा संगणकाचा पहारा पूर्ण जागा राहतो. पिन मालकच विसरला तर गाडी त्यालाही पार्किंगवालाच समजते.

हे सगळं चालतं डॅशबोर्डवरच्या ८.४ इंची पडद्यावरून. त्याच्याजवळचं एसआरटी (डॉजच्या वेगवान गाड्यांची खूण) लिहिलेलं बटण दाबलं की एका बाजूला मोड, म्हणजे गाडीचे स्वभाव, आणि दुसऱ्या बाजूला ‘परफॉर्मन्स पेजेस’, म्हणजे आकड्यांची पानं, अशी दुकानं मांडली जातात. गाडीच्या पडद्यावर आकड्यांची अशी जत्रा भरवायची चटक २००७च्या निसान जीटी-आरने लावली, असं म्हणायला हरकत नाही. तिच्या पडद्याची रचना पॉलिफोनी डिजिटल या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने केली होती. तेव्हापासून खेळ आणि गाडी यांच्यातली भिंत जरा पातळच झाली. खेळात मात्र टायर विकत आणावे लागत नाहीत.

मोडबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा, की ‘स्पोर्ट’ दाबलं की ताकद वाढते. बहुतेक गाड्यांत वाढत नाही. अ‍ॅक्सिलरेटर आता तारेने नाही, सेन्सरने बोलतो. पाय किती दाबला याचा आकडा संगणकाकडे जातो आणि इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप किती उघडायची ते संगणक ठरवतो. साध्या मोडमध्ये पाव पॅडल म्हणजे पावाहून कमी झडप, स्पोर्टमध्ये त्याच पाव पॅडलला जवळजवळ निम्मी. पाय तळाला टेकवला की दोन्हीकडे सारखंच. म्हणून स्पोर्टमध्ये ‘पिकअप’ वाढल्यासारखं वाटतं. आपल्याकडे टाटा नेक्सॉनसारख्या गाडीतही २०१७पासून इको, सिटी, स्पोर्ट असे मोड आहेत आणि तिथंही सगळ्यात आधी जाणवतो तो पायाचा आणि इंजिनाचा बदललेला हिशेबच. हेलकॅट अपवाद आहे, कारण इथं ५०० की ७०७ हे खरोखर निवडता येतं. लाल किल्ली असली तरी सेटिंगमध्ये जाऊन ५०० वर ठेवता येतं आणि ओल्या रस्त्यावर ठेवावंही.

गिअरबॉक्स आठ गिअरचा, ऑटोमॅटिक. साध्या म्हणजे ‘स्ट्रीट’ मोडमध्ये गिअर बदलायला ४०० मिलिसेकंद लागतात, शर्यतीच्या ‘ट्रॅक’ मोडमध्ये १६०. कानाला हा फरक मोठा वाटतो, कारण ट्रॅकमध्ये प्रत्येक बदलाला पाठीत एक गुद्दा बसतो. दूध आणायला जाताना हे गुद्दे खाण्यात अर्थ नाही.

सस्पेन्शनची गोष्ट वेगळी. इथं ‘जास्त’ म्हणजे ‘चांगलं’ हे समीकरण चुकतंच. ट्रॅक सेटिंगमध्ये शॉकअ‍ॅब्सॉर्बर कडक होतात. गुळगुळीत डांबरावर त्यामुळे गाडी वळणात कमी कलते. पण अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या रस्त्यांवर मार्चमध्ये, बर्फ वितळून खड्डे पडलेले असताना, कडक सस्पेन्शनमुळे चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी उडी मारतं. हवेत असलेलं चाक ना वळतं, ना ब्रेक लावतं. खराब रस्त्यावर मऊ सेटिंगची गाडीच जास्त वेगाने आणि जास्त सुखरूप जाते. पावसाळ्यातल्या कुठल्याही घाटालाही हेच लागू. म्हणून ‘कस्टम’ मोड हाच खरा शहाण्याचा मोड : इंजिन हवं तसं, गिअर स्पोर्टवर, सस्पेन्शन स्ट्रीटवर, ट्रॅक्शन (चाकं जागच्या जागी फिरू न देणारा पहारा) पूर्ण. चार गोष्टी चार वेगळ्या स्वभावाच्या असू शकतात, हे संगणकाला मान्य आहे.

ट्रॅक्शनच्या बटणाबद्दल मात्र थट्टा नको. एकदा दाबलं तर पहारा ढिला होतो, पाच सेकंद दाबून धरलं तर उठून जातो. गाडीचं वजन २,००० किलोच्या आसपास, त्यातलं मागच्या चाकांवर जेमतेम ४३ टक्के, आणि सगळी ताकद त्याच दोन चाकांना. थंडीत हे गणित आणखी बिघडतं, कारण उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होतं. मिशिगनच्या नोव्हेंबरात पहारा उठवून डावं वळण घेणाऱ्याची गाडी मागून सुटते आणि तो विजेच्या खांबाच्या ओळखीचा होतो.

आता आकड्यांची पानं. लोक पहिल्यांदा टायमर उघडतात, मग जी-मीटर (गाडीला बसणारे हिसके मोजणारा), आणि तापमानाचं पान शेवटी कधीतरी. क्रम उलटा हवा. फोडणीत मोहरी कधी टाकायची हे ज्याला कळतं त्याला हे पान समजावून सांगावं लागत नाही : तेल तापल्याशिवाय काही टाकायचं नाही. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, पाच-सात मिनिटांत तापतं आणि नेहमीचा काटा मधोमध येऊन ‘चला’ म्हणतो. इंजिन ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागतो, आणि बेअरिंगवर थर धरायचं काम ऑइलचं असतं. या इंजिनात ०डब्ल्यू-४० सिंथेटिक जातं. ते थंडीतही वाहतं, पण वाहणं आणि तयार असणं यात फरक आहे. ऑइलचं तापमान ८० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय पाय तळाला नेऊ नये, आणि १२० अंशांच्या पुढे जायला लागलं की पाय उचलावा. आपल्याकडून तिकडे गेलेल्यांची इथं हमखास एक गंमत होते. पडदा फॅरनहाइटमध्ये बोलतो. ‘२२०’ वाचून काळजात धस्स होतं, आणि ते असतं फक्त १०४ सेल्सिअस, म्हणजे सगळं ठीक. एककं बदलायची सोय सेटिंगमध्ये आहे. पहिल्याच दिवशी बदलून घ्यावी.

ऑइल प्रेशरचंही तसंच. थंड इंजिनात आकडा मोठा दिसतो कारण तेल दाट असतं, तापल्यावर निवांत उभ्या गाडीत तो बराच खाली येतो. यात बिघाड नाही. बिघाड म्हणजे लांब वळणात, आरपीएम तेवढंच असताना, आकडा अचानक आपटणं. तळाच्या टाकीतलं तेल एका कडेला लोटलं जातं, शोषणारी नळी क्षणभर हवा पिते. तेलाची पातळी कमी असेल तर हे हटकून होतं. डिपस्टिक बघणं हा काही मागासलेपणा नाही.

या गाडीपुरतं सगळ्यात बोलकं तापमान मात्र इंजिनात शिरणाऱ्या हवेचं. वर बसलेला सुपरचार्जर हवा ११.६ पीएसआयपर्यंत दाबतो, आणि दाबलेली हवा तापते, हे सायकलच्या पंपाची नळी धरून पाहिलेल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. ती थंड करायला वेगळं पाणी, वेगळा पंप, वेगळे रेडिएटर. ही हवा ६० अंशांच्या वर जाऊ नये अशा हिशेबाने सगळी मांडणी केलेली. जास्तीची हवा मिळावी म्हणून चालकाच्या बाजूचा आतला दिवा काढून तिथं भोक ठेवलंय. इंजिनाला श्वास हवा म्हणून गाडीने एक डोळा दिला. पण दोन-तीनदा लागोपाठ पळवून गाडी उन्हात उभी केली की इंजिनाची धग वर चढते, आतलं पाणी तापतं, आणि पुढच्या वेळी संगणक ठिणगी उशिरा टाकायला लागतो. ताकद कमी होते. ‘मघाशी छान पळत होती, आता काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर त्या एका आकड्यात असतं. हलकं पेट्रोल घातलं तरी परिणाम तोच. इथं अमेरिकेतलं ९१ ऑक्टेन लागतं, आणि ते म्हणजे आपल्याकडे मोजतात ते ९१ नव्हे. मोजायची पद्धत वेगळी. तिकडचं ९१ आपल्या हिशेबात ९५च्या आसपास बसतं. पूर्ण दाब दिला तर ७० लिटरची टाकी सुमारे १३ मिनिटांत रिकामी होते, हे कंपनीनेच अभिमानाने सांगितलं होतं. अभिमान कशाचा बाळगावा हा ज्याचा त्याचा प्रश्न.

जी-मीटर गमतीचा आहे, फक्त त्याला चढ-उतार कळत नाहीत. दर १० मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर गाडी नुसती उभी केली तरी तो ०.१ दाखवतो, कारण पृथ्वीची ओढ आणि गाडीचा वेग वाढणं हे त्या सेन्सरला एकसारखेच वाटतात. उतारावर नोंदवलेला ब्रेकिंगचा विक्रम मित्रांना दाखवण्यापूर्वी हे आठवावं.

टायमर. ६० फूट, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, शिवाय दिवे लागल्यावर पाय किती लवकर हलला याचंही माप. त्यासाठी पडद्यावर ड्रॅग स्ट्रिपसारखे, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर असतात तसे, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने उतरणारे दिवे. पण गाडी हे अंतर रस्त्यावर मोजत नाही, चाकांच्या फेऱ्यांवरून मोजते. चाक जागच्या जागी फिरलं की हिशेबात गडबड. टायर झिजला तरी गडबड. २७५/४० आर२० टायरचा व्यास ७२८ मिलिमीटर. नक्षी ८ मिलिमीटरवरून २ वर आली की परीघ साधारण १.६ टक्क्यांनी घटतो. गाडीला वाटतं ४०२ मीटर झाले, प्रत्यक्षात झालेले असतात ३९६च्या आतबाहेर. २०० किलोमीटरच्या वेगाला एवढं अंतर म्हणजे ०.१२ सेकंद. टायर जितके गुळगुळीत, तितकी गाडी पडद्यावर चपळ! उलट बाजूने, स्ट्रिपवरचं घड्याळ पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर, म्हणजे सुमारे फूटभर पुढे गेल्यावर सुरू होतं. गाडीचं घड्याळ हलल्याबरोबर. म्हणून स्ट्रिपच्या चिठ्ठीची आणि पडद्याची तुलनाच करू नये. पडद्याची तुलना पडद्याशीच, आणि तीही त्याच टायरवर, त्याच हवेत. हे सगळं सार्वजनिक रस्त्यावर करायचं नाही, असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं.

लाँच कंट्रोलमध्ये, म्हणजे उभ्या गाडीला झेप घ्यायला मदत करणाऱ्या सोयीत, सुटतानाचं आरपीएम आपण ठरवायचं असतं, आणि नवखे लोक सगळ्यात मोठा आकडा निवडतात. मग धूर छान निघतो, गाडी तिथंच. साध्या टायरवर कमी आरपीएमने सुरुवात करावी, दर खेपेला शे-दोनशेने वाढवावं आणि फक्त ६० फुटांचा आकडा बघावा. तो सुधारायचा थांबला की मागे यावं. तिथं वाचलेला दशांश सेकंद पाव मैलाच्या शेवटी दीडपट ते दुप्पट होऊन परत येतो. स्टिअरिंग सरळ, ब्रेक घट्ट, अ‍ॅक्सिलरेटर तळाला, आरपीएम स्थिर झाल्यावर ब्रेक एकदम सोडायचा. स्ट्रिपवर टायर तापवण्यासाठी पाणी साचवलेलं असतं. साधे टायर असतील तर त्याला वळसा घालून जावं. नाहीतर खाचांत अडकलेलं पाणी नेमकं सुरुवातीच्या रेषेवर ठिबकतं. टायर किती महत्त्वाचे, ते याच गाडीच्या आकड्यांत आहे : कारखान्यातून आलेल्या टायरवर पाव मैल ११.२ सेकंद, ड्रॅगचे टायर लावल्यावर १०.८५. बाकी काही बदललं नाही. ५०० की ७०७ हा निर्णय सोडला, तर कुठल्याही मोडच्या बटणात एवढा फरक नाही.

दोन खेपांच्या मध्ये, गाडीत सोय असेल तर, ‘रेस कूलडाउन’ चालू ठेवावं. इंजिन बंद केलं तरी पुढचा पंखा आणि सुपरचार्जरच्या थंड पाण्याचा पंप फिरत राहतात. बॉनेट उघडलं तर धग लवकर निघते. पंख्याचा आवाज ऐकून शेजारचा हमखास येतो आणि म्हणतो, गाडी चालूच राहिलीय. राहू द्यावी. पंखा आपणहून थांबतो. मग हवेचं तापमान बघायचं, आणि ते उतरलं असेल तरच रांगेत गाडी लावायची.